समसंबंध नेमके चुकतात कुठे?

समसंबंध म्हणजे पहिल्या जोडीतलं नातं, म्हणजे दुवा, ओळखून त्याच नात्याने दुसरी जोडी पुरी करायचा प्रश्न. देवगडकडच्या एका मुलाने विचारलंय: “पोलीस भरतीची तयारी करतोय. ‘सुतार : रंधा’ असले साधे समसंबंध जमतात. पण नद्या, घाट, वर्तमानपत्रं, उपकरणं असं सामान्य ज्ञान मिसळलेले आले की दहातले चार-पाच जातात. जीकेचं जाडं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ का? दिवसा आंब्याच्या पॅकिंगला असतो, रात्री दीड-दोन तास मिळतात.”

पुस्तक सध्या बाजूला ठेवा. रात्रीच्या दीड तासात ते भरतीपर्यंत संपणार नाही, आणि संपलं तरी हे चार-पाच प्रश्न सुटतीलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अठरा वर्षं कुडाळ-कणकवली पट्ट्यात भरतीच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतोय. पुस्तक तोंडपाठ असलेली पोरं याच प्रकरणात आपटताना पाहिली आहेत.

आधी एक काम करा. गेल्या सात-आठ सराव पेपरांत चुकलेले सगळे समसंबंध एका वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर एकच अक्षर टाका. ‘म’ म्हणजे माहितीच नव्हती. ‘द’ म्हणजे माहिती होती, पण दुवा भलताच धरला. ‘घ’ म्हणजे घाई, पर्याय धड वाचलेच नाहीत. खरं काय ते लिहा, वही कोणी तपासणार नाही. नवी बॅच आली की मी हे पहिल्या आठवड्यात करून घेतो. पोरं धरून चालतात की ‘म’च जास्त निघणार. मोजायला बसल्यावर ‘द’ पुढे गेलेला असतो आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, माका म्हायत होता हो!” माहीत होतं ना? मग आणखी माहिती कोंबून काय होणार?

दुवा चुकतो म्हणजे काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यावरून बघा.

रायगड : अलिबाग :: सिंधुदुर्ग : ?
पर्याय मालवण, ओरोस, कुडाळ, सावंतवाडी.

फळ्यावर हा प्रश्न लिहिला की निम्मा वर्ग एका सुरात ‘मालवण’ म्हणतो. सिंधुदुर्ग किल्ला मालवणला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पहिल्या जोडीत रायगड किल्ला आहे का? किल्ला असता तर शेजारी महाड आलं असतं. अलिबागच्या समुद्रात जो किल्ला आहे तो कुलाबा. म्हणजे इथला रायगड हा जिल्हा, अलिबाग त्याचं मुख्यालय, आणि त्याच नात्याने सिंधुदुर्गचं मुख्यालय ओरोस. चुकलेल्या पोरांना मी विचारतो, पहिली जोडी वाचून मनात काय वाक्य आलं? उत्तर ठरलेलं: “अलिबाग रायगडात आहे.” वाक्य खोटं नाही. पण ते पुढे लावून बघा. मालवण सिंधुदुर्गात आहे, कुडाळ आहे, सावंतवाडी आहे, ओरोसही आहे. चारही पर्याय आत शिरले. एकापेक्षा जास्त पर्याय बसले म्हणजे वाक्य सैल बांधलंय. मग आवळायचं: “अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्यालय आहे.” आता एकच उरतो.

उलटही होतं. वाक्य इतकं आवळलंत की एकही पर्याय बसेना, तर एक पीळ सोडायचा. ‘अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं समुद्रकाठचं मुख्यालय’ असं म्हणालात तर ओरोसही बाद होईल, कारण ते हायवेवर आहे, किनाऱ्यावर नाही.

आता हाच शब्द दुसऱ्या शेजाऱ्याबरोबर:

सिंधुदुर्ग : मालवण :: सुवर्णदुर्ग : ?

इथे किल्लाच आहे, म्हणून उत्तर हर्णै. शब्द तोच, तोंड बदललं. आणि गंमत म्हणजे ‘कुलाबा : अलिबाग’ ही जोडी दोन्ही तोंडांनी खरी आहे. कुलाबा किल्ला अलिबागला आणि १९८१ मध्ये रायगड नाव मिळण्याआधी त्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं. (सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षीचा, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला.) अशी जोडी आली की पहिल्या दोन शब्दांवर अडून राहायचं नाही, तिसरा शब्द बघायचा. तिसरा जंजिरा असेल तर किल्ला धरा, मुरूड शोधा. तिसरा एखादा जिल्हा असेल तर मुख्यालय.

म्हणून माझा पहिला नियम असा: पर्यायांवर हात ठेवून पहिली जोडी वाचायची, ओठ हलवून पूर्ण वाक्य म्हणायचं आणि मग हात काढायचा. पहिल्या आठवड्यात हे बालिश वाटतं. लाज वाटत असेल तर माजघरात बसून करा, पण करा.

दुसरी गफलत मी ‘नावाजलेल्याची ओढ’ म्हणतो. ‘टिळक : रत्नागिरी :: सावरकर : ?’ आणि पर्यायांत अंदमान, भगूर, पुणे, सांगली. अंदमान दिसलं की मुलाचं डोकं थांबतं. सावरकर म्हटलं की अंदमान, दुसरं काही सुचतच नाही. पण टिळकांचं रत्नागिरीशी नातं तुरुंगाचं नाही, जन्माचं आहे. म्हणून भगूर. पहिल्या जोडीचं नातं दुसऱ्या जोडीतल्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीशी जुळेलच असं नाही, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. ‘आंबेडकर’ आले की हीच काळजी. जन्म महूचा, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, सत्याग्रह महाडचा. नातं कुठलं ते पहिली जोडीच सांगणार.

तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता प्रश्न सांगतो.

टिळक : मंडाले :: थिबा : ?

रत्नागिरीतला थिबा पॅलेस शाळेच्या सहलीत बघितलेला असतो, तरी या प्रश्नाला पोरं ‘रंगून’ म्हणतात, कारण थिबा ब्रह्मदेशाचा राजा. नीट बघा. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला इंग्रजांनी १९०८ ते १९१४ मंडालेला कोंडलं. आणि मंडालेच्या गादीवरून १८८५ मध्ये उतरवलेल्या राजाला आणून ठेवलं कुठे, तर रत्नागिरीला. तो १९१६ मध्ये इथेच वारला. म्हणजे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावात नजरकैदेत होता. एवढी चपखल अदलाबदल कोणी मुद्दाम रचूनही जमणार नाही. ‘इंग्रजांनी याला कुठे नेऊन ठेवलं’ हे वाक्य म्हटलं की उत्तर रत्नागिरी. त्याच वाक्यात बहादूरशहा जफरही बसतो. त्याला दिल्लीहून रंगूनला नेलं आणि १८६२ मध्ये तो तिथेच मेला. तीन माणसं, एक वाक्य. ‘रंगून’ हा फसवा पर्याय कुठून येतो तेही कळलं. तो जफरचा आहे, थिबाच्या ताटात कोणीतरी वाढून ठेवलाय.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही विचारलंत वाचू काय. माझ्या मते चुकीचे पर्याय वाचा. परीक्षेत खरं उत्तर कधी एकटं येत नाही. तिघांना बरोबर घेऊन येतं, आणि ते तिघे त्याचे सख्खे शेजारी असतात. मग पाठ करताना एकट्याला का पाठ करायचं? मी वर्गात ‘चौकडी’ करून घेतो. एका जातीच्या चार गोष्टी एकदम, शेजारीशेजारी, फरकासकट.

पहिली चौकडी घाटांची. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. उत्तरेकडून दक्षिणेकडे याच क्रमाने. कुंभार्ली चिपळूण–कराड, आंबा रत्नागिरी–कोल्हापूर, फोंडा कणकवली–कोल्हापूर, आंबोली सावंतवाडी–बेळगाव. बघा, दोन घाट वर कोल्हापूरलाच निघतात, चूक तिथेच होणार. म्हणून नजर घाटाच्या वरच्या टोकावर ठेवू नका, खालचं टोक धरा. ते चौघांचं वेगळं आहे. आणि दोन नावं ‘आंबा’, ‘आंबोली’ अशी कानाला जवळची. घाईतल्या मुलाचा ‘घ’ इथे हमखास पडतो. कुठल्याही एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचल्या तरी ही चौकडी डोक्यात बसते.

नद्यांची चौकडी मुंबई–गोवा हायवेने खाली येताना लागते: सावित्री महाडला, जगबुडी खेडला, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला. याला दुसरा थर द्या: मुखाशी काय आहे? सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. जगबुडी समुद्रापर्यंत एकटी जातच नाही, ती वाशिष्ठीला मिळते. म्हणजे ‘सावित्री : बाणकोट :: वाशिष्ठी : ?’ आलं तर पर्यायांत चिपळूणही असेल आणि दाभोळही, आणि दोन्ही वाशिष्ठीचेच. सैल वाक्यवाला चिपळूण लिहिणार. सावित्रीला तिसराही थर आहे. ती महाबळेश्वरला उगवते, कृष्णाही तिथेच उगवते. एक पश्चिमेला अरबी समुद्रात, दुसरी सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. ‘सावित्री : अरबी समुद्र :: कृष्णा : ?’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण चार वेगवेगळ्या नद्या सुट्या पाठ केलेल्याला तो सोपा जात नाही.

कृषी विद्यापीठं तर चारच आहेत, आयती चौकडी. राहुरीला महात्मा फुले, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख, परभणीला वसंतराव नाईक, आणि आपल्या दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत. इथे चूक एकाच जागी होते. वसंतराव नाईक विदर्भातले, पुसदचे, म्हणून पोरं त्यांना अकोल्याला पाठवतात. ते परभणीला आहेत, मराठवाड्यात.

वर्गात मी मुलांनाच प्रश्न काढायला लावतो. अट एकच: प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो कोणाला आणि का फसवेल ते लिहायचं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘दापोली : डॉ. बाळासाहेब सावंत :: परभणी : ?’ पर्यायांत नाईक, देशमुख आणि फुले हे तिघे आपसूक आले. चौथा काय टाकावा म्हणून ती बराच वेळ पेन चावत बसली आणि मग तिने ‘स्वामी रामानंद तीर्थ’ लिहिलं. समोर कारण: “नाव मराठवाड्यातल्या विद्यापीठाचं, पण ते नांदेडचं आणि शेतीचं नाही.” त्या दिवशी मला कळलं की या मुलीला आता हा प्रश्न कोणीही कसाही फिरवून घातला तरी चालेल. ‘नाव विद्यापीठाचं आहे’ एवढं सैल वाक्य धरणाऱ्याला पकडायला तिने स्वतः सापळा लावला होता. दिवसाला असे दोन प्रश्न काढणं हे पन्नास तयार प्रश्न सोडवण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. तयार प्रश्नसंच लागतातच, पण ते वेग तपासायला. शिकायला नाही.

प्रश्न काढताना मीही तोंडावर आपटलोय. एकदा चाचणीत ‘आंबोली : सावंतवाडी :: फोंडा : ?’ असा प्रश्न घातला. माझ्या डोक्यात गाव आणि त्याचा तालुका, म्हणून उत्तर कणकवली. पर्यायांत कोल्हापूर, बेळगाव आणि जागा भरायला गोवा टाकला. दोडामार्गकडच्या एका पोराने ‘गोवा’ लिहिलं आणि पेपर घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्या घरून फोंडा म्हणजे गोव्यातला फोंडा, तिथे त्याची आत्या राहते! मी ‘फोंडाघाट’ असं पूर्ण लिहायला हवं होतं. त्याच्याशी दहा मिनिटं वाद घातला, मग मुकाट्याने गुण दिला. तेव्हापासून गावाचं नाव दोनदा तपासतो. तुम्हीही लक्षात ठेवा, ‘खेड’ रत्नागिरी जिल्ह्यातही आहे आणि पुणे जिल्ह्यातही. पेपरात असं नाव दिसलं तर पहिल्या जोडीवरून कुठलं ते ठरवायचं.

वर्तमानपत्रांची चौकडी तुमच्या घराजवळून सुरू होते. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर तुमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. साल १८३२. मग भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’, टिळक-आगरकरांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ चे, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ चा. या विषयावर दोन प्रश्न मी कितीही वेळा घातले तरी नवी बॅच पडतेच. एक, ‘केसरी : मराठी :: मराठा : ?’ नाव मराठा, म्हणून भाषा मराठी असणार असं वाटतं. तो इंग्रजीत निघायचा. (आणि ‘दर्पण’ मराठी-इंग्रजी दोन्हींत होता, हेही तिथेच लिहून ठेवा.) दुसरा, ‘मराठा : टिळक :: केसरी : ?’ यात आगरकर हे उत्तर बघून पोरं मला वेड्यात काढतात. सुरुवातीला केसरीचे संपादक आगरकर होते आणि मराठाचे टिळक. मतभेद झाल्यावर पुढे सगळं बदललं. ‘काढलं कोणी’ आणि ‘पहिला संपादक कोण’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

टोपणनावांवर मी फार वेळ घालवत नाही. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, बालकवी म्हणजे ठोंबरे, आरती प्रभू म्हणजे वेंगुर्ल्याकडचे खानोलकर, ही यादी सगळ्यांना येते. दोन टोपणनावांचा एकच माणूस आला तर मात्र थांबा. राम गणेश गडकरी कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम.

उपकरणांचं प्रकरण कोरडं म्हणून पोरं टाळतात. पण आपल्याकडच्या मुलांना ते सगळ्यात सोपं जायला हवं. चार उपकरणं खलाशाच्या कामाची घ्या: हवेचा दाब बॅरोमीटर, वाऱ्याचा वेग अ‍ॅनेमोमीटर, हवेतली आर्द्रता हायग्रोमीटर, समुद्राची खोली फॅदोमीटर. शेवटचं नाव कोणाच्या लक्षात राहात नसे. एकदा मालवणच्या एका मुलाला विचारलं, तुझे बाबा जाळं किती पाण्यात टाकतात? तो म्हणाला, “पंधरा वाव.” वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारं अंतर, साधारण सहा फूट. दोरीला शिसं बांधून खाली सोडायचं आणि वर ओढताना हात पसरून दोरी मोजायची. इंग्रजी फॅदमही सहा फुटांचाच, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही पसरलेले हात असाच आहे. वाव मोजणारं यंत्र ते फॅदोमीटर, एवढं सांगितल्यावर त्या बॅचमध्ये ते कोणाचं चुकलं नाही. त्याच्याच जोडीला ‘नॉट : वेग :: सागरी मैल : अंतर’ करून टाका. नॉट ऐकायला अंतरासारखा वाटतो, पण तो तासाला एक सागरी मैल हा वेग आहे. आणि ‘रिश्टर : भूकंप :: बोफर्ट : ?’ आलं तर वारा.

नावात मासा असलेले प्राणी मच्छीमाराच्या पोरांनाही चकवतात. देवमासा सस्तन, तारामासा कंटकचर्मी, पण मुशी म्हणजे शार्क हा मात्र खरा मासा. ‘बांगडा : मासा :: देवमासा : ?’ मध्ये पहिला शब्द वाचून तोच शेपटासारखा पुढे ओढायचा नाही.

आता जुन्या माहितीबद्दल. तुमच्याकडचं पुस्तक मोठ्या भावाचं किंवा गावातल्या वाचनालयातलं असेल तर पहिल्या पानावर छापल्याचं साल बघा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या पुस्तकात राज्यात ३५ जिल्हे असतील, आता ३६ आहेत. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. म्यानमारची राजधानी रंगून छापली असेल तर ती कधीच हलली, आता नेपिडो आहे. क्रोएशियाचं चलन कुना नाही, २०२३ पासून युरो. राज्य फूल ताम्हण, राज्य प्राणी शेकरू ही नावं जुन्या पुस्तकात सापडतील, पण पापलेट राज्य मासा झाला तो २०२३ मध्ये. पोरं तिथे सुरमई लिहितात, बहुधा ताटातल्या आवडीने. अशी दुरुस्ती पुस्तकातच पेन्सिलीने करून टाका. वेगळ्या वहीत लिहिलेली दुरुस्ती परत कोणी वाचत नाही, मीही नाही.

पेपरात बसल्यावर काय करायचं? भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. समसंबंधावर ५४ सेकंद घालवायचे नाहीत. वीस-पंचवीस सेकंदांत तो संपवून उरलेला वेळ गणिताला द्यायचा. वाक्य म्हणा, पर्याय लावा, आणि उत्तर ठरल्यावर एकदा आडवं सोडून उभं बघा: पहिला आणि तिसरा शब्द एकाच जातीचे आहेत का, दुसरा आणि तुमचं उत्तर एकाच जातीचे आहेत का? घाट–घाट, गाव–गाव. दुसरा शब्द गाव असताना तुमचं उत्तर नदी आली असेल तर दिशा उलटी झाली आहे. ‘येन : जपान’ वाचून ‘रूबल’समोर दुसरं चलन लिहिणारी पोरं मी पाहिली आहेत. या उभ्या तपासणीला तीन सेकंद लागतात आणि ‘घ’ची निम्मी पिडा जाते.

तिसऱ्या शब्दाची काहीच माहिती नसेल तर? तरी वाक्य करा आणि जात जुळत नाही ते पर्याय छाटा. चारातले दोन बहुतेक वेळा असेच जातात. चुकीला गुण कापत नसतील तर उरलेल्या दोनांतला एक ठोका आणि पुढे व्हा. कापत असतील तर दोन उरल्यावरच धाडस करा, तीन उरले असतील तर सोडा. कापतात की नाही ते जाहिरातीत वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

राहिला तुमच्या वेळेचा प्रश्न. पॅकिंगला बसता तिथे तयारी करणारा दुसरा कोणी असणारच. पेट्या भरताना हात गुंतलेले, तोंड मोकळं. एकाने जोडी द्यायची, दुसऱ्याने फक्त वाक्य द्यायचं, उत्तर नाही. “आंबा घाट, रत्नागिरी?” “घाट खाली उतरतो ते ठिकाण.” वाक्य सैल वाटलं तर पहिल्याने तिसरा शब्द असा द्यायचा की त्यात दोन उत्तरं बसतील. मग दुसरा आपोआप आवळतो. रात्री पहिला अर्धा तास एक नवी चौकडी, तिचे सगळे थर. पुढचा अर्धा तास तिच्यावर दोन प्रश्न काढणं, फसव्या पर्यायांच्या कारणांसकट. राहिलेल्या वेळात तयार संचातले वीस समसंबंध घड्याळ लावून. रविवारी म-द-घ मोजा. ‘द’ खाली आला आणि ‘म’ तसाच राहिला, की तेव्हा ते जाडं पुस्तक काढा. त्यातही पहिल्या पानापासून नको, ज्या विषयात ‘म’ जास्त पडले तेवढंच प्रकरण.

जाता जाता चार प्रश्न देतो, आज रात्री सोडवा. पहिला, जंजिरा : सिद्दी :: कुलाबा : ? (पेशवे, आंग्रे, पोर्तुगीज, सावंत). दुसरा, यक्षगान : कर्नाटक :: तारपा : ? (सिंधुदुर्ग, पालघर, गोवा, केरळ), आणि यात दोन पर्याय जात न जुळणारे वाटतील, तरी घाई करू नका. तिसरा, हापूस : देवगड :: चिकू : ? (घोलवड, वेंगुर्ला, अलिबाग, श्रीवर्धन). चौथा, मूकनायक : १९२० :: बहिष्कृत भारत : ? (१९२४, १९२७, १९३०, १९५६).

उत्तरं: आंग्रे, पालघर, घोलवड, १९२७. दुसऱ्यात पहिल्या जोडीत राज्य आहे आणि तारप्याला राज्य म्हणून महाराष्ट्र हवा होता, तो पर्यायांत नाही. म्हणून एक पीळ सोडून ‘ही कला जिथली ते ठिकाण’ एवढंच धरावं लागतं. तिसऱ्यात वेंगुर्ला काजूचा, अलिबाग पांढऱ्या कांद्याचा, श्रीवर्धन सुपारीचा, म्हणजे पर्यायांतच एक चौकडी तयार आहे, वहीत घ्या. चौथ्यात १९३० ‘जनता’चं आणि १९५६ ‘प्रबुद्ध भारत’चं. १९२४ मी का टाकला असेल, ते तुम्ही शोधा आणि कारण लिहून पाठवा.